आधी पत्ता, मग टॉवर

बुलडाणा जिल्ह्याचे तालुके तेरा, पण जिल्ह्यातला माणूस आपले गाव सांगताना आधी दोनच भाग पाडतो: घाटावर आणि घाटाखाली. बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर आणि लोणार हे सहा तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच्या पठाराचे. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे सात पूर्णेच्या खोऱ्याकडचे. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, तर खालचे खोरे तीनशे मीटरच्या आतबाहेर. मलकापूरकडून राजूर घाट चढून आणि खामगावकडून बोथ्याच्या जंगलातून वर यावे लागते. रेल्वेचा मोठा मार्ग मात्र खालूनच मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो. केबल टाकणाऱ्याला नकोशी वाटावी अशी ही भूमी रेडिओवाल्याला मात्र हवीहवीशी आहे, कारण घाटाच्या कडेवर डिश लावली तर खालचा मोठा मुलूख एका नजरेत येतो. काही किलोमीटर पल्ल्याची पाच गिगाहर्ट्झची डिश आज काही हजार रुपयांत मिळते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८मध्ये पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त केले. म्हणजे भूगोल अनुकूल, उपकरण स्वस्त आणि लहरी मोफत. तरीही गावोगावची बिनतारी जाळी उभारल्यावर काही काळातच का कुरकुरू लागतात? माझे उत्तर असे की आपण डिश, पोल आणि टॉवरचा हिशेब करतो, पण कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यायचा आणि माहितीने कोणत्या वाटेने जायचे हे ठरवतच नाही. ते काम कागदावरचे आणि जवळजवळ फुकटाचे आहे, म्हणूनच ते राहून जाते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: फायबर आले, फोरजी-फाइव्हजी आले, आता रेडिओची जाळी हवीत कशाला? आक्षेप पोकळ नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०११मध्ये मान्यता दिली आणि पुढे तिलाच ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रात ‘महानेट’ त्याच साखळीतला दुवा. वारणेचे उदाहरण तर आक्षेपकांच्या बाजूनेच बोलते. १९९८मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर पट्ट्यातील सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रांचे जाळे उभे राहिले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला, आणि उसाचे वजन किंवा खताचा हिशेब विचारण्याचे काम तेवढ्यावर भागले. पण त्यातला प्रश्न एका ओळीचा होता आणि उत्तरही एका ओळीचे. आजच्या ग्रामपंचायतीला ‘आपले सरकार’ केंद्राचे दाखले, शाळेतला चित्रवर्ग, उपकेंद्रातली दूरस्थ तपासणी, चौकातला कॅमेरा आणि रेशन दुकानातले यंत्र एकाच वेळी चालवायचे आहे. फायबर ग्रामपंचायतीच्या खोलीत येऊन थांबते. तिथून शाळा, वस्ती, तांडा आणि पलीकडच्या टेकडीआडचे गाव एक ते दहा किलोमीटरवर असते. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्यातल्या भिंगाऱ्यासारख्या गावासाठी तर डोंगरातून चर खणण्यापेक्षा समोरच्या टेकडीवर डिश लावणे केव्हाही सोपे. हा मधला पल्ला रेडिओने गाठता येतो हे आयआयटी मुंबईने पालघरच्या खामलोली परिसरातील सात गावांत दाखवून दिले. प्रा. अभय करंदीकर यांच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने तिथे दूरदर्शनसाठी राखीव असलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील रिकाम्या जागा वापरल्या. त्यांच्या गटाच्या अभ्यासानुसार देशात जवळपास सर्वत्र या पट्ट्यातील पंधरापैकी किमान बारा वाहिन्या मोकळ्या होत्या. २०१७मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले. तेव्हा रेडिओ हा फायबरचा प्रतिस्पर्धी नाही. फायबर जिथे संपते तिथून पुढची वाट त्याची आहे.

रेडिओ आणि इंटरनेटचे पत्ते यांचे नाते वरवरचेही नाही. १९७१मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारे ‘अलोहानेट’ सुरू केले. त्याच दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने फिरत्या वाहनांसाठी रेडिओचे जाळे उभारले. त्यांच्याकडे तारांचे एक जाळे होते, उपग्रहाचे दुसरे आणि रेडिओचे तिसरे. तिघांची भाषा वेगळी, वेग वेगळा, चुकण्याची तऱ्हाही वेगळी. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४मध्ये मांडलेली कल्पना ही या तिघांना जोडण्याची होती: प्रत्येक जाळे आपल्या पद्धतीने चालू द्या, फक्त सगळ्यांवर एक समान पत्ता ठेवा आणि जाळ्यांच्या सीमेवर वाट दाखवणारे यंत्र बसवा. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रस्त्यावरून धावणाऱ्या एका व्हॅनमधून निघालेली माहिती ही तिन्ही जाळी ओलांडून पोहोचली. सीमेवरच्या त्या यंत्राला आज आपण राउटर म्हणतो. आयपी पत्त्याची गरजच मुळी बेभरवशाच्या रेडिओला भरवशाच्या तारेशी जोडताना निर्माण झाली. रेडिओचे जाळे उभारताना हाच भाग दुय्यम मानणे म्हणजे तो शोध ज्या अडचणीतून निघाला ती पुन्हा ओढवून घेणे होय.

पत्ता नीट कसा असावा हे समजायला आपल्याकडे एक उत्तम नमुना आहे, आणि तो एका मराठी माणसाच्या नावावर आहे. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. बुलडाणा शहराचा पिनकोड ४४३००१, मेहकरचा ४४३३०१, मलकापूरचा ४४३१०१. चेन्नईच्या टपाल कर्मचाऱ्याला मेहकर कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने पहिला ४ पाहून पत्र महाराष्ट्राच्या बाजूला टाकायचे, ४४ पाहून विदर्भाकडे आणि ४४३ पाहून त्या वर्गवारी केंद्राकडे. पत्र जवळ येत जाते तसे पुढचे अंक वाचले जातात. आणखी एक बारकावा असा की खामगावचा पिनकोड ४४४३०३ आणि शेगावचा ४४४२०३ आहे. दोन्ही तालुके बुलडाणा जिल्ह्याचे, तरी त्यांचे पहिले तीन अंक वेगळे. कारण पिनकोड जिल्ह्याच्या हद्दीवर बेतलेला नाही, तो टपालाच्या वर्गवारीवर बेतलेला आहे. आयपी पत्त्याचेही तत्त्व हेच आहे. पत्त्याचा सुरुवातीचा भाग दिशा सांगतो, शेवटचा भाग यंत्र. दूरच्या राउटरने फक्त सुरुवात वाचावी, जवळच्याने पुढचे वाचावे. पण हे तेव्हाच घडते, जेव्हा पत्ते माहितीच्या प्रत्यक्ष वाटेप्रमाणे वाटलेले असतात. ते यंत्र खरेदीच्या क्रमाने वाटले तर प्रत्येक राउटरला प्रत्येक गावाची वेगळी नोंद पाठ ठेवावी लागते.

गावपातळीवर सर्वाधिक गोंधळ होतो तो खासगी पत्त्यांमुळे. जगभरच्या आयपी पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, आणि आशिया-प्रशांत विभाग त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. त्यामुळे आतल्या जाळ्यासाठी १९९६च्या नियमाने मोकळे ठेवलेले तीन गठ्ठे वापरावे लागतात: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. बाजारातला घरगुती राउटर बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हाच पत्ता घेऊन येतो. बसवणारा तो बदलत नाही, कारण त्या घडीला सगळे चालते. एका गावात शाळेची यंत्रे १९२.१६८.१ मध्ये आहेत आणि शेजारच्या गावात दवाखान्याचीही त्याच गठ्ठ्यात आहेत. दोन्ही गावे स्वतंत्र असेपर्यंत काही बिघडत नाही. ती एका डिशने जोडली की १९२.१६८.१.२० हा पत्ता कोणत्या गावचा हे राउटरला ठरवता येत नाही. मग प्रत्येक गावाच्या तोंडाशी पत्ता बदलणारे यंत्र बसवले जाते. त्यावर तालुक्याचे, त्यावर इंटरनेट पुरवठादाराचे. तीन-चार वेळा पत्ता बदललेली माहिती बाहेर जाते खरी, पण बाहेरून आत कोणी पोहोचू शकत नाही. तालुक्याला बसलेल्या तंत्रज्ञाला गावातला कॅमेरा दिसत नाही, बिघाड कुठे आहे ते कळत नाही, आणि दर वेळी मोटारसायकल काढून पोलावर चढावे लागते.

आता बुलडाण्यापुरती आखणी करून पाहू. १० ने सुरू होणाऱ्या प्रचंड गठ्ठ्यातून १०.० ते १०.१५ एवढा तुकडा जिल्ह्यासाठी बाजूला काढला, तर हाती येतात १०,४८,५७६ पत्ते. त्याचे दोन समान भाग करायचे: १०.० ते १०.७ घाटावर, १०.८ ते १०.१५ घाटाखाली. प्रत्येक भागात आठ खण. घाटावरच्या सहा तालुक्यांना ० ते ५ द्या, ६ पुढच्या वाढीसाठी मोकळा ठेवा आणि ७ टॉवर-टॉवरमधल्या जोडण्यांसाठी राखून ठेवा. घाटाखालच्या सात तालुक्यांना ८ ते १४ द्या आणि १५ तिथल्या जोडण्यांना. पत्त्यातला तिसरा आकडा गावाचा. तो ० ते २५५ असू शकतो, म्हणजे कुठल्याही तालुक्यातली सगळी गावे त्यात बसतात. चौथा आकडा यंत्राचा, आणि त्यातही शिस्त ठेवता येते: १ गावचा राउटर, २ ते १९ रेडिओ, २० ते ४९ कार्यालये आणि शाळा, त्यापुढे लोकांचे फोन. मेहकरला ४ हा आकडा दिला असेल, तर १०.४.३७.१ दिसताच कळते की हा घाटावर, मेहकर तालुक्यात, सदतिसाव्या गावचा राउटर आहे. याचा खरा लाभ घाटमाथ्यावरच्या यंत्राला होतो. खालच्या बाजूला असलेल्या राउटरला वरची शेकडो गावे माहीत असण्याची गरजच उरत नाही. त्याच्या वहीत एकच ओळ पुरते: १०.० ते १०.७ चे जे काही असेल ते वर पाठव. लोणारच्या एखाद्या गावातली डिश वाऱ्याने हलली, तर ती खबर मेहकर-लोणारपुरती राहते. तिच्यासाठी मलकापूरच्या राउटरला आपले गणित नव्याने मांडावे लागत नाही.

इथे छोट्या जाळ्यांचे चालक म्हणतील की दहा-बारा गावांसाठी एवढा थाट कशाला, सगळे रेडिओ ‘ब्रिज’ करून एकाच सपाट जाळ्यात ठेवले की झाले. तारेच्या जाळ्यात हे बऱ्याच अंशी खपून जाते, रेडिओवर नाही, आणि याचे कारण रेडिओच्या स्वभावात आहे. सपाट जाळ्यात प्रत्येक यंत्र अधूनमधून सगळ्यांना उद्देशून हाक मारते: अमुक पत्ता कोणाचा, छपाईयंत्र कुठे आहे, नवा पत्ता कोण देईल. तारेत ही हाक पूर्ण वेगाने जाते. वाय-फाय पद्धतीच्या रेडिओवर मात्र ती सर्वांना ऐकू यावी म्हणून सर्वात संथ मूळ वेगाने पाठवली जाते आणि पाच गिगाहर्ट्झवर बहुतेक उपकरणांत तो वेग सेकंदाला ६ मेगाबिट असतो. एरवी ३०० मेगाबिटने चालणाऱ्या जोडणीवर तेवढीच माहिती पाठवायला पन्नासपट वेळ जातो. रेडिओवर हवेतला वेळ हीच खरी मालमत्ता आहे, कारण एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. शंभर फोन मेहकरच्या गावात हाका मारत असतील आणि त्या हाका चिखलीपर्यंतच्या प्रत्येक डिशवरून उमटत असतील, तर जाळे कोणीही काही न पाहता भरून जाते. त्यातच कोणी सद्हेतूने दोन गावांमध्ये जादा जोडणी केली आणि वर्तुळ तयार झाले, तर प्रसंग आणखी बिकट. सपाट जाळ्यातल्या माहितीवर ‘इतक्या टप्प्यांनंतर टाकून द्या’ असा शिक्का नसतो, त्यामुळे एक हाक वर्तुळात गरगरत राहते आणि वाढत जाते. आयपीच्या पाकिटावर तो शिक्का असतो, आणि राउटर अशा हाका आपल्या हद्दीबाहेर जाऊच देत नाही. वर्तुळ तोडणारी स्विचमधली व्यवस्था असते हे खरे, पण ती एक जोडणी निकामी ठेवूनच काम करते. पैसे घालून उभारलेली दुसरी वाट मग नुसती उभी राहते. म्हणून नियम असा असावा: गावाच्या आत सपाट, गावाच्या वेशीवर राउटर.

वाट कशी निवडायची हा पुढचा प्रश्न, आणि इथे सवयीची अक्कल फसवते. जुन्या पद्धती कमीत कमी टप्प्यांची वाट उत्तम मानतात. तारेवर ते ठीक आहे, कारण तार एकतर चालू असते किंवा तुटलेली. रेडिओ मात्र अर्धामुर्धा चालतो. पाच गिगाहर्ट्झची २० किलोमीटरची जोडणी घेतली तर मधोमध लहरींना सुमारे १६ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. नुसती टोकाला टोक दिसणे पुरत नाही. उन्हाळ्यात पानगळीच्या सागवानातून बरी चालणारी जोडणी श्रावणात ओल्या पानांनी निम्मी होते. समजा, पठारावरच्या एका गावाकडे जायला थेट एक टप्पा आहे, पण त्यावर जाताना आणि येताना प्रत्येकी शंभरातली साठच पाकिटे पोहोचतात. दुसरी वाट चिखलीवरून दोन टप्प्यांची आहे, आणि तिथे प्रत्येक टप्प्यावर दोन्ही दिशांना पंचाण्णव पोहोचतात. पोचपावती धरून हिशेब केला, तर थेट वाटेवर एक पाकीट यशस्वी व्हायला सरासरी २.७८ वेळा पाठवावे लागते. दोन टप्प्यांच्या वाटेवर एका टप्प्याला १.११, म्हणजे एकूण २.२२. लांबची वाट स्वस्त ठरली. ‘अपेक्षित प्रेषणसंख्या’ मोजण्याची ही रीत अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००३मध्ये मांडली. टप्पे मोजणाऱ्या राउटरला ही गोष्ट कधीच कळणार नाही. तो प्रत्येक वेळी कमजोर थेट वाटेवर हट्टाने माहिती ढकलत राहील, आणि लोक म्हणतील, रेडिओच वाईट. अर्थात टप्पे वाढवण्यालाही किंमत आहे. एकाच रेडिओने ऐकायचे आणि त्यानेच पुढे सांगायचे असेल तर प्रत्येक टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो. म्हणून मधल्या टॉवरवर येण्याची आणि जाण्याची डिश वेगळी, वाहिनीही वेगळी ठेवावी लागते.

वाटा निवडण्याचे काम हाताने लिहून ठेवावे की राउटरवर सोपवावे? झाडासारख्या जाळ्यात, जिथे प्रत्येक गावाला एकच वाट आहे, तिथे हाताने लिहिलेली वाट उत्तम. ती बिघडत नाही आणि कोणालाही वाचता येते. पण बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात झाड पुरत नाही. घाटाखालून वर येणारी एकच जोडणी असेल तर पावसाळ्यातली एक वीज वरच्या सहा तालुक्यांना अंधारात टाकू शकते. राजूर घाटाकडून एक आणि बोथ्याकडून दुसरी अशा दोन चढणी ठेवल्या की वर्तुळ होते. वर्तुळात वाट आपोआप बदलली पाहिजे, म्हणजे राउटरांनी एकमेकांशी बोलत राहायला हवे. ओएसपीएफ ही यासाठी जुनी आणि जवळपास प्रत्येक राउटरमध्ये मिळणारी पद्धत. तिच्यात प्रत्येक जोडणीची किंमत आपण ठरवू शकतो, आणि जाळ्याचे विभागही पाडू शकतो. घाटावरचा एक, घाटाखालचा दुसरा आणि चढणीवरचे टॉवर मधला कणा, ही विभागणी तिच्या रचनेत नेमकी बसते. सावधगिरी एवढीच की नेहमीच्या मांडणीत ही पद्धत दर दहा सेकंदांनी शेजाऱ्याला साद घालते आणि चाळीस सेकंद उत्तर आले नाही तर त्याला मेलेला समजते. पावसाच्या सरीत जोडणी ये-जा करू लागली की वाटही इकडून तिकडे उड्या मारते. म्हणून जोडणी सुधारली तरी थोडा काळ थांबूनच तिच्यावर परत यावे, अशी ढील ठेवावी लागते. वर्तुळाचे महत्त्व आता सरकारी योजनेनेही मान्य केले आहे. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार मांडणी आणि ग्रामपंचायतीतही राउटर धरलेला आहे. फायबरच्या जाळ्याला जे उशिरा उमगले, ते रेडिओच्या जाळ्याने पहिल्या दिवशीच करायला हवे.

सर्वात वजनदार आक्षेप मात्र असा आहे की हे सगळे आता यंत्रे स्वतःच करतात. मेश पद्धतीत रेडिओ चालू केला की तो शेजारी शोधतो, वाट शोधतो, माणसाने काही आखायचे नाही. ही पद्धत खरी आहे आणि वापरातही आहे. बर्लिनच्या ‘फ्रायफुंक’ चळवळीने ओएलएसआरसारख्या पद्धतीवर छतांचे मोठे जाळे उभे केले, आणि बॅटमॅन नावाची नवी पद्धतही त्याच मंडळींतून आली. पण त्यांचाच अनुभव आक्षेपाला उत्तर देतो. एका सपाट मेशमध्ये यंत्रे वाढत गेली तशी एकमेकांची खबर घेण्यातच हवेतला वेळ खर्च होऊ लागला, आणि अनेक शहरांतल्या गटांना आपल्या मेशचे लहान लहान विभाग करावे लागले. याउलट स्पेनच्या कातालोनियात २००४मध्ये ग्रामीण भागातून सुरू झालेल्या ‘गिफी’ जाळ्यात आज पस्तीस हजारांहून अधिक ठिकाणे जोडलेली आहेत. तिथे १० च्या गठ्ठ्यातले पत्ते मध्यवर्ती नोंदीतून विभागवार दिले जातात आणि मुख्य टॉवरांमध्ये ठरलेल्या राउटिंग पद्धती चालतात. मेशला नकार देण्याचे कारण नाही. एका गावातल्या वाड्या-वस्त्यांत, जिथे उद्या कुठे रेडिओ लागेल हे ठाऊक नाही, तिथे तीच योग्य. पण तिची हद्द गावाची वेस असावी. यंत्र शेजारी शोधू शकते, जिल्ह्याची रचना ठरवू शकत नाही.

आयपीच्या नव्या सहाव्या आवृत्तीने पत्त्यांचा तुटवडाच संपला, मग खासगी पत्त्यांची आखणी करण्यात वेळ का घालवायचा, असेही कोणी म्हणेल. भारतात या आवृत्तीचा प्रसार खरोखर मोठा आहे. २०१६मध्ये जिओ आल्यापासून मोबाइल जाळ्यांनी ती वेगाने स्वीकारली. देशात या पत्त्यांचे वाटप ‘आयआरआयएनएन’ ही नोंदणी संस्था करते. तिच्याकडून सेवा पुरवठादाराला मिळणाऱ्या नेहमीच्या गठ्ठ्यात ६५,५३६ गावांना स्वतंत्र तुकडे देता येतात, आणि प्रत्येक गावाला पुन्हा ६५,५३६ उपजाळी. पत्ता बदलणाऱ्या यंत्रांची उतरंड त्याने मोडते आणि गावातला कॅमेरा थेट गाठता येतो, हा मोठा फायदा. मात्र जागा मुबलक झाली म्हणून मांडणी आपोआप होत नाही. हे पत्तेही आल्या क्रमाने वाटले तर राउटरची वही पूर्वीइतकीच फुगेल. उलट वर आखलेली विभागणी, म्हणजे आधी घाट, मग तालुका, मग गाव, नव्या पत्त्यांत जशीच्या तशी उतरते. त्यामुळे जुन्या आवृत्तीसाठी केलेला विचार वाया जात नाही. जुने पत्ते जुन्या यंत्रांसाठी आणि नवे सर्वांसाठी, अशी दोन्ही आवृत्त्यांची जोडी आणखी काही वर्षे चालवावीच लागेल.

शेवटचा आक्षेप माणसांचा: गावात हे सांभाळणार कोण? हा प्रश्न तंत्रापेक्षा अवघड, पण त्याचेही उत्तर आखणीतच आहे. पत्ते वाटेल तसे दिलेले जाळे ज्याने उभारले त्यालाच कळते, आणि तो काम सोडून गेला की ते अनाथ होते. १०.४.३७.१ कुठे आहे हे पत्त्यावरूनच कळत असेल, तर मेहकरच्या आयटीआयतून शिकलेला कोणताही तरुण ते चालवू शकतो. मेहकरला बसून तो एकेका पत्त्याला हाक मारत पुढे सरकतो आणि जिथे उत्तर थांबते तिथेच बिघाड असतो. कायद्याची वाटही आता पूर्वीइतकी अरुंद नाही. परवानामुक्त पट्ट्यात स्वतःसाठी जोडणी करता येते. इंटरनेट विकायचे असेल तर परवानाधारक पुरवठादार लागतो, पण डिसेंबर २०२०मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत गावातला किराणा दुकानदारही स्वतंत्र परवान्याशिवाय वाय-फाय केंद्र चालवू शकतो. मात्र कोणत्या वेळी कोण जोडलेले होते याची नोंद व्यवस्थेत राहावी लागते, आणि ती नोंद विश्वासार्ह असण्यासाठीही पत्त्यांची शिस्त लागतेच.

म्हणून ग्रामपंचायती, शाळा, सहकारी संस्था आणि छोटे पुरवठादार यांना एकच सांगणे आहे. टॉवरचे कोटेशन मागवण्याआधी ठेकेदाराकडून चार गोष्टी कागदावर मागा: कोणत्या गावाला कोणता गठ्ठा दिला, गावाच्या वेशीवर राउटर आहे की नुसता ब्रिज, एक जोडणी पडली तर दुसरी वाट कोणती, आणि वाट निवडताना टप्पे मोजले जातात की जोडणीचा दर्जा. तो कागद ठेकेदाराच्या लॅपटॉपमध्ये ठेवू नका, ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा, आणि प्रत्येक नवे यंत्र बसवताना त्यात नोंद झाल्याशिवाय बिल मंजूर करू नका. ज्याला ही चार उत्तरे देता येत नाहीत, त्याला टॉवर उभारण्याचे काम देऊ नये.